डोक्यातला कार्यपालन यंत्री
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावर उभं राहायची मला सवय नाही. गणपतीत मी नेहमी व्यासपीठाच्या मागे असतो, हातात पुठ्ठा, फेविकॉल आणि वायरचं भेंडोळं घेऊन. मंडळाची आरास गेली पंधरा वर्षं आम्ही चार-पाच जण करतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काम चालतं, आणि सकाळी सराफ्यातून परत येणारी मंडळी आम्हाला विचारतात, ‘अजून जागेच?’ त्यामुळे मी आज ‘काम सुरूच न होणं’ या विषयावर बोलणार म्हटल्यावर अध्यक्षांना हसू आलं. ते म्हणाले, ‘अरे, तू तर राबणारा माणूस.’ नेमकं तिथूनच सुरू करतो, कारण याच कोड्याने माझी वीस वर्षं खाल्ली.

मी राज्य शासनात उपयंत्री आहे. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि बाविसाव्या वर्षी नोकरीला लागलो. साइटवरच्या कामात मला कोणी नाव ठेवलेलं नाही. एका पावसाळ्यात आमच्या हद्दीतला पुलाचा पोहोचरस्ता वाहून गेला, तेव्हा तीन दिवस मी तिथून हललो नाही. चिखलात उभं राहून मुरूम टाकून घेतला, पाइप बसवून घेतले, चौथ्या दिवशी बस सुरू केली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. आता त्याच कामाची पुढची गोष्ट ऐका. त्या कामाची मापं माप पुस्तिकेत, म्हणजे आमच्या एम.बी.त, चढवायची होती. बसून करायचं काम जेमतेम दोन तासांचं. ते मी सात महिने केलं नाही.

सात महिने मी ते विसरलो होतो असं समजू नका. रोज सकाळी उठल्या उठल्या आधी तेच आठवायचं. कार्यालयात जाऊन एम.बी. टेबलावर ठेवायचो, पेन उघडायचो. छातीत धडधड व्हायची. मग वाटायचं, आधी जुनी आवक बघू, मग चहा घेऊ, मग फोन. संध्याकाळी एम.बी. परत कपाटात. ठेकेदार गरीब होता, मजुरांचे पैसे त्याने व्याजाने काढून दिले होते. एकदा तो अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘साहेब, माझ्याकडून काही द्यायचं राहिलंय का?’

शासनात अडलेल्या फाइलचा अर्थ लोक एकच काढतात. त्याचा त्यात दोष नाही. पण ज्याने आयुष्यात कोणाचा चहाही फुकट घेतला नाही, त्याला ते ऐकून काय वाटलं असेल! आणि तरीही, मंडळी, त्या दिवशीसुद्धा माझ्याकडून एम.बी. भरली गेली नाही. हे सांगताना आजही मान खाली जाते.

लहानपणापासून यासाठी मला एकच शब्द मिळाला होता, ‘आळशी’. आमचे बाबा शिक्षक, संध्याकाळी दासबोध वाचायचे. समर्थांनी आळसाला किती झोडपलंय ते आपल्याला ठाऊक आहे. ते समास आले की बाबा जरा आवाज चढवून वाचायचे, म्हणजे मला पलीकडच्या खोलीत ऐकू जावं. मीही मान्य करून टाकलं होतं की आपण करंटे. फरक पुष्कळ उशिरा कळला. आळशी माणूस लोळतो तेव्हा त्याला बरं वाटत असतं. मी लोळत नव्हतो. कामासमोर बसून घामाघूम होत होतो आणि हात उचलत नव्हता.

आता जे सांगणार आहे ते आईची परवानगी घेऊन सांगतो. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांच्या पीपीओवर आईचं नाव होतं, त्यामुळे कुटुंब पेन्शन सुरू करायला अडचण कसलीच नव्हती. मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, आईचा अर्ज, ओळखपत्रं, फोटो एवढं बँकेत नेऊन द्यायचं. तेराव्यानंतर चार दिवसांत मी सगळं गोळा केलं, एका निळ्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं आणि स्कूटरच्या डिकीत ठेवलं, जाता-जाता बँकेत देऊ म्हणून. बँक माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे.

तो फोल्डर डिकीत तेरा महिने राहिला.

आईने दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी ‘उद्या देतो’ म्हटलं. दुसऱ्यांदा ‘दिलंय, त्यांच्याकडे वेळ लागतो’ म्हटलं, म्हणजे खोटं बोललो. त्यानंतर तिने विचारलंच नाही. नातीच्या नावाने ठेवलेली एक छोटी ठेव तिने मुदतीआधी मोडली आणि त्यातून दूधवाला, औषधं, देवळातली वर्गणी भागवली. माझ्याकडे एक पैसा मागितला नाही. मागितला असता तर मी दिलाच असता, पण मागायची वेळ येऊ नये म्हणूनच पेन्शन असते ना.

एक दिवस हिने पंक्चर काढायला स्कूटर नेली आणि डिकी उघडली. फोल्डर आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. एक शब्द बोलली नाही. आई बाहेर आली, तिने फोल्डर पाहिला, हातात घेतला, आणि मला विचारलं, ‘पावसात भिजला नाही ना रे?’

दुसऱ्या दिवशी दोघी सासू-सुना बँकेत जाऊन आल्या. पाऊण तासात काम झालं. दोन महिन्यांनी मागच्या थकबाकीसह पेन्शन जमा झाली.

त्याच दिवशी मी डॉक्टरकडे गेलो असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं घडलं नाही. त्यानंतर चार महिने गेले, एम.बी.च्या प्रकरणात ‘कारण बताओ’ आलं, आणि एक वेतनवृद्धी असंचयी प्रभावाने रोखली गेली. ते पत्र मी हिच्यापासून लपवलं नाही, एवढीच त्या काळातली माझी बरी गोष्ट. तिने ते वाचलं आणि म्हणाली, ‘अहो, तुम्ही वाईट माणूस नाही हे मला माहीत आहे. मग हे काय आहे ते तरी एकदा कोणाला तरी विचारून येऊ.’ आणि सरकारी दवाखान्याच्या मानसिक आरोग्य विभागात ती मला घेऊन गेली. मी एकटा गेलो नसतो. तो फोल्डरही डिकीतच राहिला असता तसा तो केस पेपरही खिशातच राहिला असता.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी आधी थायरॉइडची तपासणी करायला लावली, झोप कशी आहे, घोरतो का, डोक्याला कधी मार लागलाय का, मन उदास असतं का, हे सगळं विचारलं. यातल्या प्रत्येक कारणाने माणूस असा अडकू शकतो, म्हणून ती आधी बघावी लागतात. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी आईंना घेऊन या आणि शाळेतली जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर आणा. आईने ती जपून ठेवली होती. तिसरीपासून नववीपर्यंत, वेगवेगळ्या शिक्षकांच्या अक्षरात एकच शेरा: हुशार आहे, पण लक्ष देत नाही. आईने सांगितलं, ‘डबा रोज शाळेत राहायचा. पाटी-दप्तराचं तर विचारूच नका. पण घड्याळ उघडून बसला की जेवणाची शुद्ध नसायची.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘म्हणजे मी याला उगाच मारलं का हो?’ डॉक्टरांनी त्याचं उत्तर दिलं नाही. उठून तिला पाण्याचा ग्लास दिला.

निदान झालं एडीएचडी, मोठ्या वयातलं. मला वाटायचं हा उड्या मारणाऱ्या लहान मुलांचा आजार. अलेक्झांडर क्रिक्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराबद्दल १७९८ मध्येच लिहून ठेवलं आहे, म्हणजे मोबाइल यायच्या दोनशे वर्षं आधी. त्यामुळे ‘हे सगळं मोबाइलमुळे’ म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार. निदानाचे निकष कडक आहेत: सुरुवात बारा वर्षांच्या आत झालेली असावी लागते, त्रास घरी आणि कामावर अशा किमान दोन ठिकाणी दिसावा लागतो, मोठ्या माणसात ठरवलेल्या नऊपैकी किमान पाच लक्षणं असावी लागतात, आणि त्याने आयुष्याचं खरोखर नुकसान होत असावं लागतं. प्राप्तिकराचं विवरणपत्र शेवटच्या दिवशी भरणाऱ्या सगळ्यांना एडीएचडी नसतो. नाहीतर सगळं इंदूर रांगेत उभं राहील. या विकारात अनुवंशाचा वाटाही मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांत तो सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात येतो. बाबांच्या कपाटात अर्धवट सोडलेल्या अकरा वह्या सापडल्या, त्या मी आता वेगळ्या नजरेने बघतो.

डॉक्टर म्हणाल्या, कपाळाच्या मागच्या भागातल्या मेंदूकडे काही ‘एक्झिक्युटिव्ह’ कामं असतात. काम ठरवणं, सुरू करणं, पायऱ्या लावणं, मधलं डोक्यात धरून ठेवणं, वेळेचा अंदाज घेणं. मी म्हटलं, मॅडम, म्हणजे आमचा कार्यपालन यंत्रीच की! आमच्याकडे एक्झिक्युटिव्ह इंजिनियरला तेच म्हणतात. मजूर आहेत, माल आहे, नकाशा मंजूर आहे, निधी आहे, पण कार्यादेशावर सही करणारा साहेब खुर्चीत नाही. काम जागचं हलणार कसं? त्या हसल्या आणि म्हणाल्या, हेच उदाहरण मी पुढच्या पेशंटला देईन.

यावर मी पुढे थोडं वाचलं. त्यातली एक हकिगत मनात राहिली आहे. वाइल्डर पेनफिल्ड हे माँट्रियलचे जगप्रसिद्ध मेंदू शल्यविशारद. १९२८ मध्ये त्यांनी आपल्या सख्ख्या बहिणीवर शस्त्रक्रिया केली. मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात गाठ होती, तिच्यासोबत तो बराचसा भागही काढावा लागला. बहीण उठली, बोलू लागली, स्मरण शाबूत, वागणं-बोलणं शाबूत. पुढे एके दिवशी तिने भावाला जेवायला बोलावलं. घरची चार माणसं आणि हा एक पाहुणा. पूर्वी तिला हे सहज जमायचं. स्वयंपाकाला सगळा दिवस हातात होता. जेवणाची ठरलेली वेळ झाली तेव्हा सगळं सामान स्वयंपाकघरात होतं, एक-दोन गोष्टी शेगडीवर होत्या, पण सॅलड झालं नव्हतं, मांस शिजायला टाकलं नव्हतं, आणि ती दिवसभराच्या धडपडीने गोंधळून, रडवेली होऊन उभी होती. मदत मिळाल्यावर सगळं झालं. १९३५ साली त्यांनी हे शास्त्रीय लेखात नोंदवलं.

ज्यांनी नैवेद्याचा स्वयंपाक केला आहे त्या काकूंना मी काय सांगू? वरण कधी लावायचं, पुरण कधी वाटायचं, आरतीला ताट तयार हवं, हे सगळं डोक्यात एकाच वेळी चालू असतं, आणि त्याला आपण काम म्हणून मोजतसुद्धा नाही. त्या बाईंच्या मेंदूचा तुकडा काढलेला होता. माझा सगळा जागेवर आहे, फक्त त्या भागातलं दळणवळण कमजोर आहे. डोपामिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन ही रसायनं तिथे निरोप पोचवतात, तो पुरवठा नीट होत नाही. आणि आता आरासचं कोडं सुटतं. काम आवडीचं असलं, नवं असलं, किंवा डोक्यावर आग लागलेली असली की तो निरोप पोचतो. पूल वाहून गेला की मी जागा होतो. कोरा फॉर्म समोर आला की साहेब रजेवर.

औषध सुरू झालं. मला अ‍ॅटोमॉक्सेटीन दिलं. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला तोंड कोरडं पडायचं, भूक गेली, रक्तदाब आणि नाडी वरचेवर बघावी लागली. दुसरंही औषध असतं, मिथाइलफेनिडेट, त्यावर कायद्याचं कडक नियंत्रण आहे. कोणीही कोणाच्या पुड्यातली गोळी घेऊ नये, एवढं कळकळीने सांगतो. गोळीने काय झालं? पाण्याला दाब आला. पण नळ अजून मलाच उघडावा लागतो. तो कसा उघडायचा हे शिकायला वर्ष गेलं, आणि त्याआधी काय काय करून झालं होतं त्याची यादी द्यायची तर स्मरणिकेची पानं पुरणार नाहीत. पाडव्याला संकल्प, जानेवारीत डायरी (सहा डायऱ्या आहेत, सगळ्या वीस जानेवारीपर्यंत भरलेल्या), पहाटेचं योग शिबिर, मोबाइलवरचं अ‍ॅप, आणि सगळ्यांचा आवडता सल्ला, ‘मनावर घे’. अहो, मनावर तर चोवीस तास होतं!

उपयोगी पडलं ते फार साधं आहे. कामाचं नाव बदललं. ‘पेन्शनचं काम’ हे काम नव्हेच, तो डोंगर आहे. ‘फोल्डर डिकीतून काढून टेबलावर ठेवणे’ हे काम. आम्ही अंदाजपत्रक करताना ‘रस्ता बांधणे’ असं कधी लिहितो का? खोदकाम, मुरूम, खडी, रोलर, प्रत्येक बाब वेगळी. तेवढंच मी घरी करायला लागलो. आता माझ्या फळ्यावर ‘एम.बी.’ लिहिलेलं नसतं. ‘एम.बी.चं पान उघडून तारीख टाकणे’ असं लिहिलेलं असतं. तारीख टाकल्यावर पुढची ओळ बहुतेक वेळा आपोआप येते. नाही आली तर त्या दिवशी तारखेवर समाधान.

दुसरं, वेळेऐवजी खुणेला काम बांधायचं. गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे. ‘मी करीन’ यापेक्षा ‘अमुक झालं की मी अमुक करीन’ हे जास्त टिकतं. सकाळचा चहा संपला की कप खाली ठेवायच्या आधी फळा वाचायचा. वेळेचा अंदाज मला अजूनही येत नाही, मला ‘आत्ता’ कळतं आणि ‘आत्ता नाही’ कळतं, म्हणून टेबलावर जुनं किल्लीचं घड्याळ ठेवलं आहे. टिकटिक ऐकू आली पाहिजे.

पण सगळ्यांत मोठी मदत झाली ती सोबतीची. कोणीतरी शेजारी बसलेलं असलं की माझं काम सुरू होतं. त्या माणसाने काही करायचं नाही, बोलायचं नाही, हाकायचं तर मुळीच नाही. असं का होतं ते मला विचारू नका, होतं खरं. कार्यालयात मी आमच्या बडे बाबूंना धीर करून सगळं सांगितलं. ते निवृत्तीला आलेले, कडक माणूस, मला वाटलं हसतील. ते म्हणाले, ‘ग्यारह से बारह मेरे सामने बैठा करो.’ तेव्हापासून रोज अकरा ते बारा मी त्यांच्या टेबलासमोर बसून एम.बी. भरतो, ते त्यांची आवक-जावक करतात. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. मागची सगळी मापं त्या पावसाळ्यात पूर्ण झाली. त्या ठेकेदाराचं बिल निघालं तेव्हा मी त्याला जाऊन भेटलो, माफी मागितली. तो म्हणाला, ‘छोड़ो साहब.’ त्याने व्याजाचे पैसे किती भरले ते मी विचारलं, त्याने सांगितलं नाही.

मी बरा झालो असं म्हणत नाही. याच फेब्रुवारीत अचल संपत्तीचं विवरण द्यायला उशीर झाला. घरातही रोज गोड चाललेलं असतं असं नाही. हिने एकदा स्पष्ट सांगितलं, ‘तुमचं निदान झालं, पण वीस वर्षं विजेची बिलं, मुलीच्या शाळेचे फॉर्म, पाहुण्यांची तिकिटं मीच बघितली, त्याचं काय निदान?’ याला माझ्याकडे उत्तर नाही. आजाराचं नाव कळलं म्हणून ज्यांनी सोसलं त्यांचं सोसणं कमी होत नाही. आता विजेचं बिल माझ्याकडे आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला, चहा संपल्यावर.

ज्या घरात असा एखादा ‘हुशार पण आळशी’ मुलगा, भाऊ, सून असेल, त्यांनी एकदा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. जायला संकोच वाटत असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत. आणि फोन लावायचा जमत नसेल, तर घरातल्या कोणीतरी नंबर फिरवून फोन हातात द्यावा.

हे भाषण लिहून द्यायची मुदत तीनदा वाढवून घेतली, संपादक काकूंना ते ठाऊक आहे. परवा रात्री जेवणं झाल्यावर मी कागद घेऊन बसलो. आई कापूस घेऊन समोर येऊन बसली आणि गणपतीसाठी वाती वळायला लागली. पानभर झालं की मी वर बघायचो. ती बघायची नाही. साडेदहाला तिचा डबा भरला, माझं शेवटचं पान राहिलं होतं. तिने पाटावरचा उरलेला कापूस परत पिंजायला घेतला.